मंद व्यायामाची महती : चीनमधील ‘चीगोंग’

महाकवि कालिदासाच्या ‘कुमारसंभवां’त एक मोठा मार्मिक प्रसंग आहे. उग्र तपश्चर्येनें कृश झालेल्या पार्वतीपाशीं प्रत्यक्ष शंकर बटूचा वेष घेऊन येतात, आणि कुशल विचारतां विचारतां तिला हळूच बजावतात कीं, तप करावयाचें तें आपल्या शक्तीच्या मानानें करावें. कारण धर्माचरणाचें पहिलें साधन शरीर हेंच होय. या श्लोकाचा शरीराविषयींचा चरण आपल्याकडे मुलाबाळांच्याही तोंडीं असतो. परंतु त्याच्या आधीं आलेली, शक्तीप्रमाणें करण्याची अट मात्र पाठ म्हणणारे आणि म्हणवून घेणारे दोघेही सोयीस्करपणें विसरतात. त्यामुळें व्यायाम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तालमींतील तांबडी माती, जोर, बैठका, मलखांब आणि घामानें निथळणारा वीस वर्षांचा तरुण एवढेंच चित्र उभें राहतें.

घराघरांतून आढळणारी स्थिति पाहावी. मुलें शाळेंत कवायत करतात, तरुण व्यायामशाळेंत जातात. पण पन्नाशी उलटलेला गृहस्थ ‘आतां आमचें काय राहिलें आहे!’ असें म्हणून आरामखुर्चीचा आश्रय करतो. आजीबाईंच्या गुडघ्यांनीं असहकार पुकारलेला असतो, म्हणून त्या भिंतीला टेकून बसतात त्या बसतातच. सूनबाईंच्या व्यायामाची गोष्ट कोणी काढली तर ‘दिवसभर काम होतें तें काय कमी आहे?’ असें उत्तर घरांतील वडील मंडळीच परस्पर देऊन टाकतात. वस्तुतः काम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. कामांत कांहीं ठराविक अवयव पुनःपुन्हा राबतात आणि मन दहा ठिकाणीं धांवत असतें. व्यायामांत प्रत्येक अवयवाला त्याचा वांटा मिळतो आणि मन एका ठिकाणीं राहतें. हा भेद न ओळखल्यामुळें घरांतील निम्मीं माणसें व्यायामाला मुकतात, आणि त्याची किंमत पुढें एखाद्या दिवशीं एकदम चुकवावी लागते. न्हाणीघरांत पाय घसरतो, खुब्याचें हाड मोडतें, आणि कालपर्यंत तुळशीला पाणी घालणारें माणूस अंथरुणाला खिळतें. अशा पडण्यानें एका वृद्धाचेंच नव्हे, तर साऱ्या कुटुंबाचें जीवन कसें विस्कळीत होतें, हें अनुभवी वाचकांस सांगावयास नको.

तेव्हां प्रश्न असा कीं, ज्यांना जोर-बैठका झेपत नाहींत, गुडघ्यांमुळें ज्यांना जमिनीवर बसून आसनें घालणेंही अशक्य झालें आहे, अशांसाठीं कांहीं व्यायाम आहे काय? या प्रश्नाचें एक विचारपूर्ण उत्तर आपल्या शेजारच्या चीन देशानें फार पूर्वीं शोधून ठेविलें आहे. त्याचें आजचें नांव ‘चीगोंग’. त्याचें स्वरूप, त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा या तिन्ही गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नांवाचा अर्थ

‘चीगोंग’ हा दोन शब्दांचा समास आहे. ‘ची’ म्हणजे वायु, श्वास, वाफ, आणि त्यावरून शरीरांत खेळणारी प्राणशक्ति. चिनी उच्चारांत हा वर्ण महाप्राण आहे. तेव्हां खरें पाहतां ‘छी’ असें लिहिणें अधिक बरोबर. परंतु मराठी कानाला त्या अक्षरांत तिरस्कार ऐकूं येतो, म्हणून येथें ‘ची’ असेंच लिहिलें आहे. ‘गोंग’ म्हणजे श्रम, आणि दीर्घकाल श्रम केल्यानें अंगीं बाणलेलें कौशल्य. योगसूत्रांत ‘अभ्यास’ हा शब्द ज्या अर्थानें येतो त्याच्या हा अर्थ बराच जवळ आहे. म्हणून संस्कृतांत नांव द्यावयाचेंच झाल्यास ‘प्राणाभ्यास’ हें शोभून दिसेल.

या अभ्यासाचीं अंगें तीन : काया नीट ठेवणें, श्वास नीट ठेवणें आणि चित्त नीट ठेवणें. तिन्ही एकाच वेळीं साधावयाचीं असतात. नुसते हातपाय हालविले तर ती कवायत झाली. नुसता श्वास मोजला तर तो प्राणायामाचा एक भाग झाला. नुसतें डोळे मिटून बसलें तर तें ध्यान झालें. हात सावकाश वर जात असतां श्वास आंत यावा, हात खालीं येत असतां तो बाहेर जावा, आणि या दोहोंकडे मनानें शांतपणें पाहावें, असा हा त्रिवेणी संगम आहे. कांहीं प्रकार उभ्यानें करावयाचे, कांहीं बसून, तर कांहीं केवळ स्तब्ध उभें राहून. घाई मात्र कोणत्याच प्रकारांत नाहीं.

‘ची’ म्हणजे नक्की काय, याविषयीं चिनी शास्त्रकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. ती शरीरांतील ठराविक मार्गांनीं वाहते अशी त्यांची कल्पना. आपल्या नाड्यांप्रमाणेंच हे मार्गही शवविच्छेदनांत कोणास दिसलेले नाहींत. परंतु या कल्पनेवर विश्वास ठेविल्यावांचूनही अभ्यास करतां येतो. भूक लागलेल्या माणसाला अन्न पचविण्यासाठीं पचनशास्त्र अवगत असावें लागत नाहीं.

रेशमी वस्त्रावरील चित्र

हा व्यायाम किती जुना आहे, याचा एक विलक्षण पुरावा उपलब्ध आहे. चीनच्या हूनान प्रांतांतील चांगशा शहराजवळ मावांगद्वै नांवाचें स्थळ आहे. तेथील एक प्राचीन थडगें इ. स. १९७३ सालीं उकरण्यांत आलें. हें थडगें इ. स. पूर्वीं १६८ या वर्षीं बंद केलेलें होतें. त्यांत अनेक ग्रंथांबरोबर रेशमी वस्त्रावर काढलेलें एक चित्रही सांपडलें. त्यांत चार ओळींत मिळून ४४ मनुष्याकृति आहेत आणि प्रत्येक आकृति कोणता ना कोणता व्यायाम करीत आहे. कोणी हात पसरले आहेत, कोणी कमरेंत वांकलें आहे, कोणी मान वर केली आहे. कांहीं आकृतींशेजारीं अस्वल, क्रौंच अशा पशुपक्ष्यांचीं नांवें आहेत. कांहींशेजारीं ती क्रिया कोणत्या दुखण्यावर योजावयाची तें लिहिलें आहे. त्यांत गुडघेदुखीही आहे, हें वाचून आपल्याकडील पुष्कळांना त्या थडग्यांतील माणसांविषयीं एकदम जवळीक वाटेल!

परंतु या चित्राची खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्यांतील आकृति नुसत्या तरुण मल्लांच्या नाहींत. त्यांत पुरुष आहेत तशा स्त्रिया आहेत. तरुण आहेत तसे वृद्ध आहेत. कोणी उघड्या अंगाचे, तर कोणी नीट वस्त्रें नेसलेले आहेत. म्हणजे व्यायाम हा एका वयाचा व एका वर्गाचा मक्ता नव्हे, ही जाणीव बावीसशे वर्षांपूर्वींच्या चित्रकाराला होती. आमच्या माजघरांत ती अद्याप पोंचावयाची आहे.

पुढें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ह्वा त्वो नांवाचा एक प्रसिद्ध वैद्य होऊन गेला. वाघ, हरिण, अस्वल, वानर आणि पक्षी या पांचांच्या हालचालींवरून त्यानें एक व्यायामक्रम बसविला. हा ‘पांच पशूंचा खेळ’ त्याच्या नांवानें आजही चालतो. मात्र आजचे प्रकार पुष्कळ उत्तरकालीन आहेत. आपल्या शिष्याला त्यानें केलेला उपदेश चिनी इतिहासग्रंथांत नमूद आहे. त्याचें तात्पर्य असें : शरीराला श्रम हवेत, पण ते पराकाष्ठेचे नसावेत, रोज फिरणाऱ्या दाराची बिजागरी जशी किडत नाहीं, तसेंच शरीराचेंही आहे. वू पू नांवाच्या त्या शिष्यानें हा उपदेश पाळला, आणि नव्वदी ओलांडल्यावरही त्याचे कान, डोळे व दांत शाबूत होते, असें तो इतिहासकार सांगतो. नव्वदीची गोष्ट जुन्या चरित्रकाराची आहे, तेव्हां ती त्या मानानेंच घ्यावी. बिजागरीचा दृष्टांत मात्र कोणत्याही काळीं खरा आहे.

हें मूळचें आपलेंच काय?

परदेशांतील कोणतीही चांगली गोष्ट दिसली कीं ‘ही तर आमच्याकडूनच गेली’ असें म्हणण्याची एक खोड आपल्यांत आहे. चीगोंगच्या बाबतींत तर या खोडीला खाद्यही भरपूर आहे. शाओलिनच्या मठांतील भिक्षूंना व्यायाम शिकविला तो दक्षिण भारतांतून गेलेल्या बोधिधर्मानें, आणि ‘यीजिनजिंग’ म्हणजे ‘स्नायुपरिवर्तनाचा ग्रंथ’ त्यानेंच मागें ठेविला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. बोधिधर्माचा काळ इसवी सनाचें पांचवें-सहावें शतक मानतात. परंतु त्या ग्रंथाची चिकित्सा करणाऱ्या विद्वानांनीं तो सतराव्या शतकांतील ठरविला आहे. त्याला जोडलेल्या प्राचीन प्रस्तावना बनावट आहेत. म्हणजे ग्रंथाचें वजन वाढविण्यासाठीं कोणीतरी त्यावर एका भारतीय आचार्याची मोहोर उठविली. ही युक्ति आपल्या पुराणांच्या अभ्यासकांना अपरिचित नाहीं!

याहून अधिक विश्वसनीय असा दुवा दुसरा आहे. सातव्या शतकांतील सुन सिम्याव नांवाच्या थोर चिनी वैद्यानें आपल्या ग्रंथांत अंग मळण्याची व ताणण्याची एक अठरा प्रकारांची पद्धति दिली आहे. ती हिंदुस्थानची असून ‘ब्राह्मणांची रीत’ आहे असें तो स्पष्ट म्हणतो. अर्थात् देवघेव झाली होती याविषयीं शंका नको. बौद्ध भिक्षु ज्या वाटेनें सूत्रें घेऊन गेले, त्याच वाटेनें चार आसनें आणि औषधेंही गेलीं असतील.

पण म्हणून सर्वच आपलें असें म्हणतां येत नाहीं. मावांगद्वैचें चित्र थडग्यांत ठेवलें गेलें, तेव्हां बौद्ध धर्म चीनमध्यें पोंचलाच नव्हता. तो पोंचण्यास पुढें दोनशेंहून अधिक वर्षें लागलीं. सारांश, दोन शहाण्या शेजाऱ्यांनीं आपापल्या अंगणांत स्वतंत्रपणें विहिरी खणल्या, आणि पुढें कधीं कधीं एकमेकांच्या विहिरीचें पाणी चाखून पाहिलें. यांत दोघांचाही मान राहतो, आणि सत्याचाही.

रेशमाचे आठ तुकडे

चीगोंगचे प्रकार असंख्य आहेत. त्यांतील घरगुती उपयोगाला सर्वांत सोयीचा म्हणजे ‘बादुआनजिन’, अर्थात् ‘जरीच्या रेशमाचे आठ तुकडे’. याचा उल्लेख बाराव्या शतकापासून आढळतो. यांत आठच क्रिया आहेत, आणि उभें राहावयास अडीच-तीन हात जागा पुरते. पूर्ण क्रमास बारा ते पंधरा मिनिटें लागतात.

पहिल्या क्रियेंत दोन्ही हातांचीं बोटें गुंफून तळवे आभाळाकडे करावयाचे आणि जणूं छत उचलून धरावें तसे हात वर ताणावयाचे. दुसरींत पाय फांकवून, गुडघे किंचित् वांकवून, आळीपाळीनें डावीकडे व उजवीकडे धनुष्य ओढावयाचें. तिसरींत एक तळवा वर आणि दुसरा खालीं दाबावयाचा, म्हणजे बरगड्यांची एकेक बाजू मोकळी होते. चौथींत शरीर स्थिर ठेवून मान सावकाश मागें वळवून पाहावयाचें. पांचवींत गुडघ्यांत वांकून धड व मस्तक एका बाजूनें दुसऱ्या बाजूस झुलवावयाचें. सहावींत कमरेंत वांकून हात पावलांकडे न्यावयाचे. सातवींत मुठी आवळून, डोळे वटारून, ठोसा पुढें करावयाचा. ही क्रिया जुन्या शाळामास्तरांना निराळी शिकवावी लागणार नाहीं. आठवींत टांचा उचलून क्षणभर चवड्यांवर उभें राहावयाचें आणि मग टांचा हलकेच टेकावयाच्या. असें सात वेळां.

प्रत्येक क्रिया अमक्या इंद्रियाला हितकर, तमक्या विकारावर गुणकारी, असें जुनें कोष्टक आहे. तिसरी पचनाला, चौथी थकव्याला, सहावी मूत्रपिंडांना, आणि आठवी तर सर्वच रोगांना! हें कोष्टक अक्षरशः खरें मानण्याचें कारण नाहीं. पण आठही क्रिया एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट लक्षांत येते कीं, खांदा, मान, पाठीचा कणा, कंबर, गुडघा आणि घोटा यांतील एकही सांधा या क्रमानें वगळलेला नाहीं. बैठें काम करणाऱ्याचे जे सांधे आधीं गंजतात, नेमके तेच आधीं हलविले आहेत.

गुण येतो तो कशानें?

या सौम्य हालचालींनीं खरोखर कांहीं लाभ होतो काय, याचें उत्तर तीन भागांत द्यावें लागेल.

पहिला भाग तोलाचा. मनुष्य चालतो म्हणजे प्रत्येक पावलाला क्षणभर एका पायावर उभा राहतो. तरुणपणीं हा क्षण जाणवत नाहीं. म्हातारपणीं मांडीचे स्नायु दुबळे होतात, तळपायाची व घोट्याची जाणीव मंदावते, आणि मग तोच क्षण धोक्याचा होतो. चीगोंगमध्यें शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर अत्यंत सावकाश नेला जातो. वेगानें केलेली हालचाल अर्धी झोंकानेंच होऊन जाते. सावकाश केलेल्या हालचालींत झोंक मदतीला येत नाहीं, सर्व काम स्नायूंनाच करावें लागतें. मंदपणा हा येथें आळस नसून कष्टाचाच एक प्रकार आहे.

याची कसोटी प्रयोगानेंही घेतली गेली आहे. चीगोंगचें सख्खें भावंड म्हणजे ‘ताइची’ हा मंदगति युद्धकलेंतून निघालेला व्यायाम. अमेरिकेंतील ऑरेगॉन राज्यांत सत्तरीच्या पुढील, पडण्याचा धोका असलेल्या ६७० वृद्धांवर एक प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत इ. स. २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट करून चोवीस आठवडे, आठवड्यांतून दोनदां, तासभर व्यायाम देण्यांत आला. नुसतें अंग ताणणाऱ्या गटाशीं तुलना करतां, तोल राखण्यासाठीं खास बसविलेली ताइची करणाऱ्या गटांत पडण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं कमी भरलें. नाना प्रकारचे मिश्र व्यायाम करणाऱ्या गटांत तें ४० टक्क्यांनीं कमी झालें. न्हाणीघराच्या ओल्या फरशीचा विचार केला म्हणजे या आंकड्यांचें मोल कळून येतें.

दुसरा भाग श्वासाचा. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य एका मिनिटांत साधारणतः बारा ते वीस श्वास घेतो. चीगोंगच्या अभ्यासांत तो सहज मंद व खोल होतो. श्वास घेतांना छाती नव्हे तर पोट पुढें येतें. या मंद श्वासाचें महत्त्व सांगणारा एक गमतीचा प्रयोग इटलींतील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला, तो इ. स. २००१ सालीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत छापला गेला. त्यांनीं २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्धांचा ‘मणिपद्म’ मंत्र म्हणवून घेतला. दोहोंनींही श्वास मिनिटाला सुमारें सहांवर आला, आणि त्या गतीला हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचा मेळ राखणारी शरीरांतील यंत्रणा अधिक तत्परतेनें काम करूं लागली. प्रार्थना कोणत्या देवाची, हें हृदयानें विचारलें नाहीं. त्यानें फक्त लय पाहिली. आपल्या संध्येंत प्राणायाम आधीं कां घातला असावा, याचें एक कारण येथें सांपडूं शकेल.

तिसरा भाग मनाचा. लक्ष हातांच्या हालचालीवर आणि श्वासावर असल्यामुळें काळज्यांचें चक्र थोडा वेळ थांबतें. झोंप, थकवा, उदासीनता व एकंदर स्वास्थ्य यांबाबत अभ्यासकांना लाभ झाल्याचें अनेक प्रयोगांत आढळलें आहे. इ. स. २०१० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यांत चीगोंग व ताइचीवरील ७७ निबंधांचा, एकूण ६,४१० व्यक्तींचा, विचार केलेला आहे. हाडांची बळकटी, हृदय व फुप्फुसांची क्षमता, तोल, शरीराची कार्यशक्ति आणि मनःस्वास्थ्य यांवर अनुकूल परिणाम दिसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

परंतु तराजूचें दुसरें पारडेंही पाहिलें पाहिजे. यांतील पुष्कळ प्रयोग लहान व सदोष आहेत. वैद्यकीय पुराव्याची कठोर छाननी करणाऱ्या ‘कोक्रेन’ संस्थेनें, चीगोंगनें हृद्रोगाला प्रतिबंध होतो काय या प्रश्नाचा इ. स. २०१५ सालीं विचार केला. तेव्हां उपलब्ध पुराव्यावरून निश्चित कांहीं सांगतां येत नाहीं असेंच म्हणावें लागलें. म्हणजे लाभ आहे, पण तो व्यायामाचा लाभ आहे, चमत्काराचा नव्हे.

चमत्काराच्या वाटेवरील खळगे

हा शेवटचा मुद्दा विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण त्यावरच चीनची फसगत झाली. ‘चीगोंग’ हें नांव आजच्या अर्थानें रूढ झालें तें इ. स. १९५० च्या आसपास. ल्यू ग्वीझेन नांवाचे एक तरुण सरकारी कार्यकर्ते पोटांतील व्रणानें जर्जर झाले होते. गांवाकडे जाऊन एका वडीलधाऱ्या जाणत्याकडून ते एक पारंपरिक श्वसनक्रिया शिकले, आणि सुमारें शंभर दिवसांच्या अभ्यासानें त्यांना आराम वाटला. पुढें सरकारच्या पाठिंब्यानें बेदाइह येथें चीगोंगचें आरोग्यधाम निघालें. ल्यू यांचें पुस्तक इ. स. १९५७ सालीं प्रसिद्ध झालें. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळींत हें सर्व ‘जुनाट’ ठरून बंद पडलें. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत ग्वो लिन या चित्रकर्तीनें, जिला स्वतःला कर्करोग झाला होता, बीजिंगच्या उद्यानांतून लोकांना पुन्हा शिकविण्यास आरंभ केला.

येथपर्यंत ठीक होतें. परंतु त्यानंतरच्या दशकांत चीगोंगची एक लाटच आली. हजारोंच्या सभा भरूं लागल्या; आपल्या देहांतून ‘ची’ बाहेर फेंकून दुरूनच रोग बरे करूं असें म्हणणारे ‘महागुरु’ निपजले. इ. स. १९८८ सालीं अमेरिकेंतून गेलेल्या एका चिकित्सक मंडळीनें, ज्यांत प्रसिद्ध जादूगार जेम्स रँडी हेही होते, अशा एका गुरूची परीक्षा घेतली. रोगी एका खोलींत, गुरु दुसऱ्या खोलींत. गुरु शक्ति सोडीत असोत वा नसोत, रोग्याचें अंग आपलें हलतच होतें. दोहोंचा मेळ कांहीं बसेना. इ. स. १९९९ सालीं फालुन गोंग या संप्रदायावर चिनी सरकारनें बंदी घातली आणि त्याच्या अनुयायांचा मोठा छळ झाला. त्या वावटळींत इतरही अनेक मंडळें मोडलीं. पुढें इ. स. २००३ च्या सुमारास सरकारच्या क्रीडाखात्यानें बादुआनजिन, पांच पशूंचा खेळ, स्नायुपरिवर्तन आणि सहा ध्वनींची श्वसनक्रिया असे चार क्रम निश्चित करून प्रसृत केले.

मनाला होणाऱ्या अपायाचीही नोंद आहे. अति अभ्यासानें, विशेषतः चमत्काराच्या हव्यासानें, कांहींना भ्रम व भास झाले. अमेरिकेंतील मनोरोगांच्या मान्य वर्गीकरणांत इ. स. १९९४ सालीं त्याला स्वतंत्र नांवही मिळालें. म्हणून ज्यांना पूर्वीं मानसिक विकार झाला असेल त्यांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून दीर्घ ध्यानाच्या प्रकारांत शिरूं नये.

आपल्याकडे या बाबतींत एक चांगला आदर्श आहे. स्वामी कुवलयानंदांनीं इ. स. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें, तें योगक्रियांची स्तुति करण्यासाठीं नव्हे, तर क्ष-किरण व दाबमापक यंत्रें लावून त्या क्रियांनीं शरीरांत काय घडतें तें पाहण्यासाठीं. श्रद्धेच्या घरांत कसोटीचा दगड ठेवण्याचें तें धैर्य होतें. चीगोंगकडेही त्याच दृष्टीनें पाहावें.

घरांत आरंभ कसा करावा?

सकाळचा किंवा दिवेलागणीपूर्वींचा वेळ घ्यावा. जेवणानंतर निदान दोन तास जाऊं द्यावे. कपडे सैल असावे. ज्यांचा तोल जातो त्यांनीं शेजारीं भक्कम खुर्ची ठेवावी. ज्यांना उभेंच राहवत नाहीं त्यांनीं खुर्चीवर बसून हातांच्या क्रिया कराव्या. श्वास नाकानें, आवाज न करतां, आणि कोंडून न धरतां. गुडघे दुखेपर्यंत वांकवूं नयेत. ज्यांच्या डोळ्यांत काचबिंदु आहे किंवा ज्यांना चक्कर येते त्यांनीं डोकें खालीं नेणारी सहावी क्रिया सोडून द्यावी. ताप असतां विश्रांति घ्यावी. गर्भवतींनीं व हृद्रोग्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, रक्तदाबाची अथवा मधुमेहाची गोळी चीगोंगच्या भरंवशावर बंद करूं नये. व्यायाम औषधाचा सोबती आहे, वारसदार नव्हे.

कोणी विचारील कीं, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं ज्यांचा एवढा प्रसार केला ते सूर्यनमस्कार असतां ही चिनी वस्तु घरांत कशाला? उत्तर सोपें आहे. ज्याला सूर्यनमस्कार होतात त्यानें ते अवश्य घालावे. त्याला चीगोंगची गरज नाहीं. पण ज्या आजोबांना वांकून जमिनीला हात टेकवत नाहींत, ज्या सूनबाईंना दुपारीं मोकळीं अशीं पंधराच मिनिटें मिळतात, त्यांच्यासाठीं हा मार्ग आहे. संध्याकाळीं ओसरीवर किंवा गच्चीवर आजोबा, आजी, सूनबाई आणि नातवंडें एका ओळींत उभीं राहून तीच क्रिया आपापल्या बेतानें करूं शकतात, असे व्यायाम फार थोडे आहेत. नातवाचा हात आभाळाला लागेल, आजीचा खांद्यापर्यंतच जाईल. दोघांचाही व्यायाम पुराच झाला असें समजावें.

रोजच्या पंधरा मिनिटांनीं आयुष्याची दोरी किती लांबेल तें कोणी सांगूं शकत नाहीं. आणि तशी हमी देणाऱ्यापासून दूर राहावें. परंतु आहे तें आयुष्य दुसऱ्याच्या खांद्यावर हात न टाकतां, आपल्या पायांनीं चालून काढावें, ही इच्छा कोणाला नसते? घरांतील वृद्धांना औषधें वेळेवर देणें हें जसें तरुणांचें कर्तव्य आहे, तसेंच त्यांच्याबरोबर रोज थोडा वेळ उभें राहणें हेंही आहे. बटुवेषधारी शंकरांनीं पार्वतीस घातलेली ती अट, आपल्या शक्तीच्या मानानें करण्याची, जेथें पाळली जाते तेथें व्यायामाला वय आड येत नाहीं.